अडगळीच्या खोलीतला अंधार

सभागृह खच्चून भरलं होतं. नावाजलेला मानसोपचारतज्ज्ञ आपलं बालपण सांगत होता. वडिलांचं डोकं फिरलं की अडगळीच्या खोलीत कोंडलं जायचं, फिनाइलच्या डब्याला टेकून बसायचं आणि दाराखालून येणाऱ्या उजेडाच्या रेघेवर बोटं ठेवायची. "त्या अंधारानंच मला दुसऱ्याचं दुःख ऐकायला शिकवलं. माझी पद्धत साधी आहे. समोरच्याचा हात धरायचा आणि म्हणायचं, ओकून टाक सगळं," असं म्हणत त्यानं चष्मा काढून डोळे टिपले.

पहिल्या रांगेत त्याची थोरली बहीण तोंडावर रुमाल दाबून बसली होती. लोकांना वाटलं, बिचारीला रडू आवरत नाहीये. तिला मळमळत होतं. या पद्धतीनं त्यानं सगळ्यात आधी तिलाच बोलतं केलं होतं. तेव्हा त्यानं धरलेला हात ती आता साडीला पुसत होती, पुन्हा पुन्हा, घाण लागल्यासारखा.

कार्यक्रम संपल्यावर एका बाईनं तिला दारातच गाठलं. "तुम्ही सख्ख्या बहीण ना? एवढंसं पोर आत रडतंय, आणि तुमच्यानं साधी कडी काढवली नाही?"



"आतून कशी काढणार?" ती म्हणाली. "वडील कोंडायचे ते मला. बाहेरून कडी घालायला धावायचा, तो हा."