भिंतीवरची एसटी

बुधाजी डोकं खाली नि पाय वर करून भिंतीवरून चालत आला, तेव्हा सगळी पोरं खो-खो हसली. मंगळी तेवढी हसली नाही. तो तिचा बाप होता, नि त्याच्या काखेत तिच्या कपड्यांचं गाठोडं होतं.

अडुसष्ट सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. कशेळ्याच्या शाळेत तेव्हा वीज नव्हती, पंखा नव्हता, प्रयोगशाळेचं तर नावच नको. पण पोतनीस गुरुजींना सुट्टीत स्वस्थ बसवायचं नाही. गुरं राखून येतील तेवढी पोरं गोळा करून त्यांनी विज्ञानाचा वर्ग काढला होता. फी म्हणून कुणी करवंदं आणायचं, कुणी नुसतंच यायचं. त्या दिवशी त्यांनी खिडक्यांना गोणपाटं ठोकली, दार लावलं, आणि दाराच्या फळीतली गाठ निसटून पडलेलं भोक तेवढं उघडं ठेवलं. समोरच्या चुन्याच्या भिंतीवर बाहेरचा अख्खा रस्ता उतरला, उन्हासकट नि रंगांसकट, पण उलटा. झाडं छतापासून खाली लोंबत होती. लडकूचा बैल पाय वर करून खुशाल चालला होता. पुढे मंगळीनं पुष्कळ सिनेमे पाहिले, पण त्या बैलाची सर कशालाच आली नाही.

"नुसतं खालचं वर नाही रे," गुरुजींनी सांगितलं होतं, "डावीकडचंही उजवीकडे जातं. कर्जतला निघालेला माणूस इथे मुरबाडला निघालेला दिसेल." पोरांनी दाराबाहेर डोकावून डोकावून त्याची खात्रीही करून घेतली होती.

दार उघडून बुधाजी आत आला, तसं भिंतीवरचं सगळं पुसलं गेलं.

"गुरुजी, मंगळीला न्यायाला आलो. कर्जतच्या गाडीनं कल्याणला जायाचं, तिथं भैनीला पोर झालंय. त्ये सांभाळायाला कोण नाय."

मंगळीनं गाठोड्याकडे पाहिलं. थोरली बहीण कोंडीही अशीच दोन महिन्यांसाठी म्हणून आत्याकडे गेली होती. ती परत आली ती एकदम लग्नाला. शाळेचं तोंड तिनं पुन्हा पाहिलं नाही.

"अहो, दार लावा आधी. चित्र पळालं ना!" गुरुजी म्हणाले. "आणि उन्हात कशाला उभे राहता? आत बसा. रस्ता भिंतीवर दिसतोच आहे. गाडी दिसली की उठा."

डाव्या-उजव्याचं सांगायचं गुरुजी विसरले, की त्यांना विसरायचंच होतं, देव जाणे.

बुधाजी उकिडवा बसला आणि त्यानं आ वासला. "आयला! बैल बग गं, पडत कसा नाय?" इतका खूश झालेला बाप मंगळीनं किती दिवसांत पाहिला नव्हता. त्याच्याशेजारी बसून तिला रडायला येत होतं, आणि बरंही वाटत होतं.

दुपारच्या एसट्या दोन. एक कर्जतला जायची, एक मुरबाडला, नि कुठली आधी येईल ते ड्रायव्हरच्या जेवणावर असायचं. पहिली आली ती घरघरत, चाकं वर नि टप खाली करून, भिंतीवरून सावकाश मुरबाडच्या बाजूला सरकत गेली. बुधाजी अर्धवट उठला नि परत टेकला.

"ही मुरबाडची. आपली येल आता."

मंगळीला ठाऊक होतं. सगळ्या पोरांना ठाऊक होतं. आत्ता ओरडलं तर गाडी वळणावर तरी सापडली असती. कमळ्याच्या तोंडात एरवी तीळ भिजायचा नाही, पण त्यानंही दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. बापाशी कधी खोटं न बोललेली मंगळी बोलायला म्हणून तोंड उघडायची नि परत मिटायची. गुरुजी काळोखातच चष्मा पुसत राहिले. घरघर लांब गेली आणि विरली.

बऱ्याच वेळानं दुसरी आली. ही भिंतीवर बरोब्बर कर्जतच्या बाजूला निघाली.

"आली, आली! ऊठ गं!" मंगळीचा हात धरून बुधाजी दार उघडत धावला नि रस्त्यात हात वर करून उभा राहिला. एसटी करकचून थांबली.

"मुरबाड, मुरबाड! चढा लवकर, मामा," कंडक्टर दारातून ओरडला.

बुधाजी जागच्या जागी थिजला. गाडीचं तोंड मुरबाडकडेच होतं. कंडक्टरनं वैतागून घंटी मारली, आणि धुरळा उडवत गाडी निघून गेली.

"म्हंजे मगाची ती..." बुधाजीनं मान वळवली. दारात दाटीवाटीनं उभी राहिलेली पोरं एकदम खाली बघू लागली. मग त्यानं मंगळीकडे पाहिलं.

"तुला ठावं व्हतं?"

तिनं होकाराची मान हलवली. आता बसतेय थोबाडीत, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

थोबाडीत काही बसली नाही. डोळे उघडले तेव्हा बाप पायरी चढून आत निघाला होता.

"दार लावा, गुरुजी. परत बगू द्या."

पुन्हा काळोख झाला. भिंतीवर रस्ता उतरला. लडकू बैलाला घेऊन परत येत होता. बुधाजीनं उजवा हात उचलला, डावा उचलला, बैल खरा कुठल्या बाजूला चालला असेल ते बोटानं हवेत ताडून पाहिलं. चुकला. मंगळीनं त्याचं बोट धरून दुसऱ्या बाजूला वळवलं.

मग भिंतीवरची नजर न काढताच त्यानं विचारलं,

"गुरुजी, शाळा कदी उघडती?"