मॅडमची ताकीद

पंचवीस वर्षं बायको कानीकपाळी ओरडली, बाटल्या मोरीत ओतल्या, दोनदा माहेरीही जाऊन बसली. नवरा ढिम्म! आणि ती कॅन्सरची डॉक्टरीण, कालची पोर, एकदाच म्हणाली, "केमो चालू आहे, दारू बंद," तर गडी ग्लासाकडे बघेना. वर मित्रांना कौतुकाने सांगायचा, "मॅडमची सक्त ताकीद आहे!" हिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

आज तो रक्त तपासायला आत गेला, तशी हिने डॉक्टरणीला गाठलंच. "तुमचा शब्द बरा झेलतात हो!"

डॉक्टरणीने मान खाली घातली. "काकू, मीच मागच्या महिन्यात त्यांना म्हटलं, आता वाटलं तर घ्या थोडी, काही फरक पडणार नाही.



काका म्हणाले, नको. निदान जाताना तरी बायकोचं ऐकू दे."