झटकलेली घोंगडी

फाटकाचं कुलूप निघालं तेव्हा आत कमरेइतकं गवत उभं होतं. बद्रीनाथ सरांनी आणि एक दुर्मीळ फूल पाहायला पुण्याहून आलेल्या तिघा पाहुण्यांनी ते दोन्ही हातांनी सारत तासभर अख्खा माळ धुंडाळला. फूल काही सापडलं नाही. आपण भाजीला आणतो त्या चुक्याच्याच कुळातलं, जेमतेम वीतभर उंचीचं, काटेरी बिया धरणारं ते गुलाबी फूल. दोन वर्षांपूर्वी सरांनी इथंच चाळीस झाडं मोजली होती. पाहुणे भले होते, महिन्याभराने पुन्हा येतो म्हणाले. त्यांनी विजारीत घुसलेली कुसळं काढली आणि गाडीत जाऊन बसले.

सरांचं तोंड मात्र एवढंसं झालं. 'धनगर थेट फुलांमध्येच येऊन बसले आहेत, त्यांच्या मेंढ्या हे फूल नामशेष करतील,' असा अर्ज त्यांनीच केला होता. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून माळाभोवतीचं हे कुंपणही त्यांनीच आणलं होतं. गंगापूरच्या अलीकडच्या या माळावर धनगरीण म्हाळसाबाईच्या सासऱ्याच्याही आधीपासून मेंढरं बसत आली होती. तेव्हा तिने हात जोडले होते. "सर, मेंढरं तोंडबी लावत नाय त्याला." त्यावर पुंडलिकनगरात राहणाऱ्या, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांनी चार माणसांत तिला सुनावलं होतं, "तुम्हाला यातलं काय कळतं?"

ती आपलं पाल गुंडाळून, मेंढरं घेऊन पैठणच्या वाटेला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सर विचारत विचारत तिच्यापर्यंत पोचले. माफी मागायची होती. आणि खरं सांगायचं तर, तिने कुठं एखादं झाड पाहिलंय का, हेही विचारायचं होतं. पाहुणे महिन्याभराने पुन्हा येणार होते. या दुसऱ्या कारणाची त्यांना पहिल्याहून जास्त लाज वाटत होती.

कॅनॉलच्या कडेच्या मुरमाड पडीकात पाल होतं. म्हाळसाबाईचा नवरा बिरू मेंढी आडवी पाडून लोकर कातरत होता. त्याने सरांना ओळखलं आणि मान खाली घातली.

"फूल गेलं," सर कसेबसे म्हणाले. "सगळं गवतच गवत झालंय."

"व्हनारच की. गवत खायाला कोन ठिवलं तुमी तिथं?" कातर न थांबवता बिरू म्हणाला.

"गप बसा," म्हाळसाबाई नवऱ्याला म्हणाली. "पाव्हणं उभं हाय."

ती पालातून घोंगडी घेऊन आली. धनगराच्या दारी आलेल्याला घोंगडी टाकल्याशिवाय बसवत नाहीत, मग आलेला कोणीही असो. टाकण्याआधी तिने ती बाजूला नेऊन दोनतीनदा जोराने झटकली.

"मेंढरांच्या अंगावरचं काटं अडकत्यात हिच्यात. पाव्हण्याला टोचू नयेत, म्हनून रोजच झटकते."

घोंगडीतून काटेरी बिया टपटप खाली पडल्या. सरांनी त्या पडल्या तिकडे पाहिलं. मेंढरांनी गवत खाऊन साफ केलेल्या मुरमात गुलाबी फुलंच फुलं होती. चाळिसांच्या पुढं सरांना मोजवेना. मग त्यांना माळावरची ती झाडं आठवली. तीही सगळी एका चपट्या दगडाजवळ होती, आणि त्या दगडाशेजारी हिचं पाल असायचं. धनगर फुलांमध्ये येऊन बसले नव्हते. ते बसले म्हणून तिथं फुलं आली होती.

म्हाळसाबाईने घोंगडी अंथरली आणि हाताने सारखी केली.

"बसा सर. आता एकबी काटा नाय."

सरांना बसवेना.