नमुना ग्रामसभा

"अध्यक्ष, बस जरा मागं घेऊ का? दार उघडायला जागा न्हाई," पंचशीलानं विचारलं.

"घ्या की मॅडम. गाव तुमचंच हाय." राघोबा स्वतः पुढं झाले आणि हातवारे करून ड्रायव्हरला वाट दाखवू लागले. गावात शिरल्यापासून ज्याला विचारावं तो त्यांच्याकडंच बोट दाखवत होता. अध्यक्षाला विचारा, अध्यक्ष सांगतील. सरपंचाला इकडं कर्नाटकात अध्यक्षच म्हणतात.

बस म्हणजे फिरतं संग्रहालय होतं. आतली बाकं काढून तिथं लोकशाही मांडली होती. बाराव्या शतकात सगळ्या जातींना बोलू देणाऱ्या सभेचा, अनुभव मंटपाचा, लाकडी देखावा, मराठी-कन्नडमधली संविधानाची कलमं, बटण दाबून बघायचं मतदान यंत्र. सगळ्यात मागं एक बारकी खोली. तिथं माइकपुढं आपला प्रश्न बोलायचा आणि मग आपलाच आवाज ऐकायचा.

पंचशीला जवळच्याच कोहिनूर गावची. कडगंचीच्या विद्यापीठात शिकून या नोकरीला लागली तेव्हा तिला वाटलं होतं, गावंच्या गावं बोलायला लागतील. पण लोक यायचे, यंत्राचं बटण दाबून हसायचे, फोटो काढायचे आणि जायचे. काल मुडबी गावातही तेच झालं. मागच्या खोलीत पोरं फक्त शिट्ट्या वाजवून गेली.

दुपारी गर्दी ओसरली तशी एक बाई आत आली. चाळिशीची असेल. पायाला रानातली माती, डोक्यावर पदर. ती ग्रामपंचायतीच्या तक्त्यापुढं उभी राहिली ती हलेचना.

"वाचून दाखवू का, अक्का?" पंचशीलानं विचारलं.

"वाचता येतंय मला." बाई कसनुसं हसली. "ग्रामसभेत शब्द कुणाचा मोठा? अध्यक्षाचा का लोकाचा?"

"लोकांचा. लोकांनी ठराव करायचा."

"आन् सभा बोलवायची कुणी?"

"अध्यक्षांनी."

"आन् त्यांनी बोलवलीच न्हाई तर?"

पंचशीलानं आवाज खाली आणला. राघोबा खाली दारापाशीच कुणाशी तरी बोलत होते. "तुमची काय अडचण हाय, अक्का?"

बाईनं दाराकडं नजर टाकली. "पाण्याची पायपं मारुतीच्या देवळापर्यंत आली आन् थांबली. खालच्या वस्तीतल्या बाया अजून रानातल्या हिरीवर जायल्यात. पोटुशी पोरगी घसरून पडली परवा. वाचली म्हणा. पण माझ्या डोळ्याम्होरून हलंना ती."

"मग अर्ज द्या. सही येते ना?"

"येती की. लई सह्या करते मी."

बचत गटातली असणार, पंचशीलाच्या मनात आलं. तिनं बाईला मागच्या खोलीत नेलं. "हितं बोलून बघा. बाहेर ऐकू जात न्हाई."

बाई माइकजवळ सरकली. मग एका दमात पाण्याचं सगळं बोलली. पंचशीलानं तो आवाज तिला परत ऐकवला. बाई दचकली.

"हा माझा हाय? एवढा मोठा?"

"तुमचाच. अक्का, सांजच्याला आम्ही नमुना ग्रामसभा घेतोय. अध्यक्ष बसणार हायत. तिथं उठून एवढंच बोला."

"त्यांच्याम्होरं?" बाईचा चेहरा उतरला. "त्यांच्याम्होरं मी आजवर तोंड उघडलं न्हाई, मॅडम. ते म्हणतील तसं."

"कामून? एवढं भ्यायचं कशाला?"

राघोबांचा आवाज जवळ येताना ऐकून बाईनं पदर पुढं ओढला आणि मागच्या दारानं उतरून गेली. जाता जाता नाव तेवढं सांगितलं. भाग्यलक्ष्मी.

"कोण होती?" राघोबांनी आत येत विचारलं.

"तक्ते वाचायला आल्या होत्या एक बाई," पंचशीला म्हणाली. उगीच कुणाला त्रास नको.

उन्हं उतरल्यावर पारावर खुर्च्या मांडल्या. मधल्या खुर्चीवर राघोबा बसले, दोन्ही बाजूंना मेंबर. खाली सगळं गाव. राघोबा छान बोलले. लोकशाही म्हणजे काय, गावाचा विकास कसा चाललाय, संग्रहालयाचे आभार. टाळ्या पडल्या.

"आता गावकऱ्यांनी प्रश्न विचारायचे," पंचशीलानं जाहीर केलं.

कुणी हललं नाही. एक म्हातारा खोकला. मेंबरांनी घड्याळं बघितली. आजचंही गाव गेलं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून भाग्यलक्ष्मी उठली.

पंचशीला माइक घेऊन तिच्याकडं धावली. भाग्यलक्ष्मीनं माइक घेतला, पण ती जागेवर थांबली नाही. बायकांतून वाट काढत थेट पाराच्या पायऱ्या चढली. खालच्या वस्तीतल्या बायकाही एकेक करून उभ्या राहिल्या.

"ए, हिकडं कुठं यायलीस?" राघोबा दबक्या आवाजात म्हणाले. "खाली जा. लोक बघायल्यात."

"त्यांना बोलू द्या, अध्यक्ष," पंचशीला कळवळून म्हणाली. "सभेत सगळ्यांना हक्क हाय."

"मॅडम, तुम्हाला माहीत न्हाई. तुम्ही मधी पडू नका."

भाग्यलक्ष्मी राघोबांच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तिनं माइक तोंडाशी धरला.

"उठा," ती म्हणाली. "गावानं निवडून मला दिलंय. तुम्ही नुसते अध्यक्षाचे नवरे."