ओरिनचा बोअर

आमच्या फ्लोरिडातल्या बोअरच्या पाण्यात लोखंड इतकं, की ते प्यायलेला बगळा महिनाभर गंजक्या बिजागरीसारखा करकरतो. त्यामुळे बोअरच्याच पाण्याने बाग शिंपणाऱ्या म्हाताऱ्या ओरिनच्या घरापुढच्या काँक्रीटच्या फुटपाथवर गंजाचे डाग पुन्हा पुन्हा उमटू लागले, तेव्हा सोसायटीने सरळ फर्मान काढलं : बोअर बुजवा. तो बोअर ओरिनच्या बापाने खणलेला; बापाची तेवढी एकच खूण ओरिनकडे उरली होती.

शेजारचा डेल्मर त्याचा चाळीस वर्षांचा जिवलग. दर शनिवारी तोही गुडघे टेकून लिंबाच्या रसाने डाग घासू लागायचा. बोअरमध्ये सिमेंट ओतलं त्या दिवशी ओरिन लहान पोरासारखा रडला, आणि डेल्मर टोपी काढून त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

पुढच्या महिन्यात डाग पुन्हा हजर! ओरिनने भिंग घेऊन फुटपाथ पिंजून काढला. भेगेत बारीक करडे दाणे सापडले. त्यांच्यावर पाणी शिंपडलं, तर दुसऱ्या दिवशी तिथे तांबूस डाग. दाण्यांची रांग थेट डेल्मरच्या हिरवळीपर्यंत गेली होती.

“डेल्मर, गवताला लोखंडाचं खत घालतोस?”

“दर महिन्याला! उगाच का माझं लॉन गल्लीत सगळ्यात हिरवं?”

“म्हणजे डाग कशाचे, ते तुला ठाऊक होतं? मग गाढवा, बोअर बुजवायच्या आधी बोलला का नाहीस?”



“बोललो असतो, तर खत बंद करावं लागलं असतं की रे!”