हेडफोनची सोय

गिटार मांडीवर घेऊन काका नव्या अ‍ॅम्प्लिफायरसमोर बसले. दुकानदाराने एक बटण फिरवलं, तशी तीच गिटार मोठ्या सभागृहात वाजल्यासारखी घुमली. दुसरं फिरवलं, तर एखाद्या जुनाट अ‍ॅम्पसारखी खरखरली.

"एकाच डब्यात पाहिजे त्या अ‍ॅम्पचा आवाज, काका. आणि खरी सोय तर पुढेच आहे." त्याने काकांच्या कानांवर हेडफोन चढवले. "आता वाट्टेल तेवढं वाजवा, शेजाऱ्यांना पत्ता लागणार नाही."

काकांनी दोन-चार तारा छेडल्या आणि हेडफोन काढून काउंटरवर ठेवले.

"याच्याशिवाय आवाज किती मोठा होतो?"

दुकानदाराने आवाज वाढवला. शोकेसच्या काचा थरथरायला लागल्या.

"वरच्या मजल्यावर जाईल?"

"जाईल म्हणजे काय, वरची माणसं भांडायला खाली येतील. म्हणून तर म्हणतोय, हेडफोन घ्याच."

"हेडफोन राहू देत. हा तेवढा बांधून द्या."

दुकानदाराने हेडफोन पुन्हा त्यांच्यापुढे सरकवले.

"जुना अ‍ॅम्प होता तेव्हा वरच्या बाई यायच्या भांडायला," काका गिटार पिशवीत घालत म्हणाले. "तो बिघडल्यापासून घराची बेल वाजलेली नाही."