मिस्टर थ्रेलने खाल्लेलं वातड बदक

घरात पाऊल टाकताच भलताच घमघमाट सुटला, म्हणून मिसेस पेनफोल्डने हातातल्या भांड्याचं झाकण उचललं आणि तिच्या काळजात धस्स झालं. आत खमंग भाजलेलं गलेलठ्ठ बदक होतं. पण भांडं तिचं नव्हतं.

नाताळचं बदक मावेल एवढी चूल आमच्या गल्लीत कुणाकडेच नाही. चर्चला जाताना जो तो आपलं भांडं पाववाल्याच्या भट्टीत ठेवतो, पत्र्याचा बिल्ला घेतो आणि येताना सोडवून नेतो. कुणी कुणाचं झाकण उचलायचं नाही, हा भट्टीचा नियम. यंदा पाववाल्याच्या बायकोने दोन बिल्ले उलटसुलट दिले. आणि झाकणाच्या आत नाव खरडलेलं कुणाचं, तर मिस्टर थ्रेलचं!

थ्रेल म्हणजे पक्का कवडीचुंबक. मेणबत्त्या विकायचा आणि स्वतः अंधारात बसायचा. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने नाताळला बदक घेतलं होतं, तेही बाजार उठताना तासभर घासाघीस करून.

मिसेस पेनफोल्ड विधवा. शिवणकामावर दिवस काढायची, पण मान ताठ. चर्चने पाठवलेली मदतीची टोपली तिने गेल्याच आठवड्यात परत केली होती, "आमच्याकडे सगळं आहे," म्हणून. गल्लीने आपली कीव करावी, याची तिला मरणापेक्षा जास्त धास्ती. पण दुसऱ्याचं अन्न गिळणं तिला त्याहून जड. तिने भांडं उचललं आणि थ्रेलचं दार ठोठावलं. तमाशा बघायला अर्धी गल्ली जमली.

"तुमचं बदक माझ्याकडे आलंय, मिस्टर थ्रेल. हे घ्या." तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझं भांडं... उघडलंत का?"

थ्रेलने तिच्याकडे बघितलं, मग जमलेल्या गर्दीकडे.

"उघडलंत का काय? खाऊन बसलोय!" तो खेकसला. "आयतं मिळालेलं सोडतो होय? पण काय बाई तुमचं ते बदक! नुसतं वातड!"

"विधवेचं बदक हाणलंस? लाज नाही वाटत मेल्या?" पाववाल्याची बायको ओरडली. "हाडं तरी ठेवलीस का?"

"हाडंही चघळली. आता माझं तिने ठेवावं, फिट्टंफाट. वर एक पेनी मिळणार नाही!"

मिसेस पेनफोल्ड क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने मान वर केली.

"माझं बदक वातड नव्हतं, मिस्टर थ्रेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "तुमचेच दात म्हातारे झालेत."

गल्ली खो खो हसली. ती भांडं घेऊन घरी निघाली. त्या दिवशी तिची चाल अशी होती की राणीनेही बाजूला व्हावं. थ्रेलने चार शिव्या ऐकून घेतल्या आणि दार लावलं.

आत टेबलावर तिचं भांडं होतं. त्यात दोन विटा होत्या, भट्टीत तीन तास भाजलेल्या. त्याने त्या जमिनीवर मांडल्या, बूट काढून गारठलेले पाय त्यांवर टेकवले आणि आजचा कोळसा वाचला, म्हणत ऐटीत शिळा पाव मोडला.